मोटार नाही, तरी ओझे माणसावर नाही

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला आल्प्स पर्वतात, सुमारे १६०० मीटर उंचीवर झरमॅट नावाचे गाव आहे. हिवाळ्यात जगभरातून लोक तेथे स्कीइंगसाठी सुट्टी घालवायला येतात. पायांना लांब, चपट्या पट्ट्या बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचे, असा हा खेळ. गावासमोर ४४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न शिखर उभे आहे.

या गावात पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. पाहुणा कितीही धनिक असो, त्याने आपली गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवायची आणि पुढे रेल्वेने जायचे. ही रेल्वे झरमॅटला १८९१ साली पोचली. १८९८ मध्ये गॉर्नरग्राटची दातेरी रुळांवरची विजेची गाडी सुरू झाली. ती प्रवाशांना ३००० मीटरहून अधिक उंचीवर नेते. अन्य उतारांसाठी रोपवे आहेत. गावातले सामान विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या वाहतात. म्हणजे हवा स्वच्छ राहिली आणि माणसाच्या पाठीवर ओझेही आले नाही.

तेथे सारेच समान आहेत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. हॉटेलांतील खोल्या झाडणारे, भांडी घासणारे अनेक हात पोर्तुगालहून आलेल्या कामगारांचे आहेत. जुना इतिहासही बोलका आहे. १४ जुलै १८६५ रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्पर याच्यासह सात जण मॅटरहॉर्नवर प्रथमच पोचले. उतरताना दोर तुटून चौघे मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांत गावचे दोन वाटाडे होते, टाउगवाल्डर पितापुत्र. दोर कापल्याचा संशय आला तो बापावर! चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. कष्टकऱ्याच्या वाट्याला ओझ्याबरोबर दोषही येतो, तो असा.

आता आपल्याकडे पाहू. रायगड जिल्ह्यातील माथेरानातही मोटारींना बंदी. परंतु येथे वर्षानुवर्षे माणसाला बसवून माणसानेच हातरिक्षा ओढली. चढावर धापा टाकणाऱ्या त्या बांधवाकडे पाहून किती सहलकऱ्यांना लाज वाटली असेल? अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध ठरवली. सहा महिन्यांत ती बंद करावी आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावे, असा आदेश दिला.

बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींवरील आपल्या ग्रंथात यंत्राची बाजू ठामपणे मांडली होती. यंत्र माणसाला पशुवत कष्टातून सोडवते, त्याला फुरसत देते आणि फुरसतीतूनच संस्कृती घडते, असा त्यांचा विचार होता. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणूनच ई-रिक्षा ठेकेदाराच्या घशात न जाता ती ओढणाऱ्याच्याच हाती पडली पाहिजे. याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवावे.

मातापित्यांनो, सुट्टीत मुलांना डोंगर जरूर दाखवा. त्याबरोबरच तेथे ओझे कोण वाहतो आणि त्याला काय मजुरी मिळते, हे विचारायलाही शिकवा.