दोन झाडांमधलं अंतर

एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराभोवती एवढ्या जमिनीत ऑलिव्हची १७ झाडं असतात. स्पेनच्या हाएन प्रांतातल्या जुन्या बागांमध्ये तेवढ्याच जमिनीत ७० ते १०० झाडं दिसतात आणि त्याच स्पेनमध्ये गेल्या तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या नव्या बागांमध्ये सोळाशेच्या वर. जिथे झाडं जास्त तिथली शेती पुढारलेली, असा निष्कर्ष पटकन काढला जातो. पण १७ झाडांची बागही पूर्ण विचारांती आखलेली असते आणि सोळाशे झाडांचीही. दोन्हीकडे सोडवायचं कोडं वेगळं आहे, म्हणून उत्तर वेगळं आहे. ऑलिव्हची बाग समजून घ्यायची तर झाडाआधी दोन झाडांमधली जागा पाहावी लागते. तेल किती निघणार, कसं निघणार आणि केवढ्याला पडणार, यातलं बरंचसं तिथेच ठरतं.

मोकळी दिसणारी जमीन

स्फाक्सला वर्षाकाठी पाऊस पडतो तो २०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. तिथे झाडं २४ मीटर बाय २४ मीटरवर लावतात. वरून पाहिलं तर बहुतेक जमीन उघडी दिसते, पण जमिनीखाली मोकळं काही नसतं. मुळं फांद्यांच्या घेरापलीकडे दूरवर पसरतात आणि मधल्या सगळ्या मातीतली ओल गोळा करतात. शेतकरी ही जागा उथळ नांगरट करून तणमुक्त ठेवतात, कारण तिथे उगवलेलं प्रत्येक गवत झाडाच्या वाट्याचं पाणी पितं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राजवटीत शेतीखातं सांभाळणाऱ्या पॉल बूर्द यांनी या लागवडीचा पुरस्कार केला आणि स्फाक्सच्या बागा झपाट्याने पसरल्या. त्यामागे ‘मघारसा’ नावाचा जुना करार होता. कसणाऱ्याने झाडं लावायची, जोपासायची आणि ती फळाला आली की निम्मी बाग त्याच्या मालकीची. इतक्या विरळ लागवडीतही माणूस वर्षानुवर्षं राबला, कारण त्या पावसात तेच अंतर झाड जगवू शकत होतं.

अंतराचा हा विचार फार जुना आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कादिझमध्ये जन्मलेल्या कोलुमेला या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ऑलिव्हचं अंतर जमिनीप्रमाणे बदललेलं आहे. कसदार, धान्य पिकणाऱ्या जमिनीत एका बाजूने ६० फूट आणि दुसऱ्या बाजूने ४० फूट, म्हणजे मधल्या पट्ट्यात धान्य घेता येतं. हलक्या, धान्याला नालायक जमिनीत २५ फूट. ओळी पश्चिमेच्या वाऱ्याच्या दिशेने असाव्यात, म्हणजे उन्हाळ्यात झुळूक आतपर्यंत फिरते, असंही तो सांगतो. अंतर, आंतरपीक आणि ओळीची दिशा हे तिन्ही प्रश्न तेव्हाच मांडले गेले होते.

हाएनची चौकट

आंदालुसियातल्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यातल्या सपाटीपासून डोंगरउतारापर्यंत दुसरं पीक नजरेला क्वचितच पडतं. इथली मुख्य जात पिकुआल. झाडं १० ते १२ मीटरवर, बहुतेक ठिकाणी चौरस पद्धतीने लावलेली. काही बागांत त्रिकोणी पद्धत दिसते. १० मीटरचंच अंतर राखून चौरसात हेक्टरी १०० झाडं बसतात, तर त्रिकोणात ११५. प्रत्येक झाड शेजाऱ्यापासून तेवढंच दूर, तरी १५ झाडं जास्त, कारण चौरसाच्या मधोमध वाया जाणारी जागा त्रिकोणात उरत नाही.

या बागांची आणखी एक खूण म्हणजे एकाच जागेवरून तिरपे वर जाणारे दोन किंवा तीन बुंधे. जुने शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन जाड खुंट्या लावत आणि सगळ्या वाढू देत. जमिनीवर जाळ्या पसरायच्या, लांब काठ्यांनी फांद्या झोडपायच्या, पडलेली फळं गोळा करायची, अशी काढणी ऐन हिवाळ्यात चाले. माणसांच्या हातांसाठी आखलेली ही बाग होती आणि त्या हिशेबाने ती उत्तम होती.

हेक्टरी १०० झाडं आणि १० मीटरचं अंतर हा आकडा कोकणातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. हापूसची पारंपरिक लागवडही १० मीटर बाय १० मीटरवरच होते. जुन्या हापूसच्या बागेत काय होतं हेही त्याला माहीत असतं. फांद्या एकमेकींत शिरतात, आत अंधार होतो आणि मोहोर फक्त शेंड्याकडे येतो. ऑलिव्हचंही तेच होतं. एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष रिकामं, ही खोडही दोघांना आहे.

तेल उन्हातून येतं

ऑलिव्ह आदल्या वर्षीच्या कोवळ्या फुटीवर फळतो. त्या फुटीला ऊन मिळालं नाही तर पुढच्या वर्षी तिथे फूल धरत नाही. फूल धरलं, फळ झालं, तरी तेल भरायला पुन्हा ऊन लागतं. उन्हाळ्यात बाठ कडक झाली की गरात तेल साठायला लागतं आणि शरदापर्यंत ते चालू राहतं. पानांनी आणि हिरव्या फळाने उन्हात तयार केलेली साखरच त्या तेलाचा कच्चा माल असते. म्हणून एकाच झाडावर शेंड्याकडची फळं मोठी आणि तेलाने भरलेली असतात, तर सावलीतली लहान आणि कमी तेलाची. दाट बागांमधल्या मोजमापांत तर वरच्या थरातल्या फळांच्या तेलात फिनॉल द्रव्यंही जास्त आढळली आहेत. तेलाचा तिखट-कडवट झणका आणि त्याचा टिकाऊपणा या द्रव्यांवरच अवलंबून असतो.

मोठं, गोल, शंभर वर्षांचं झाड डोळ्यांना भव्य दिसतं. पण त्याचा फळणारा भाग म्हणजे बाहेरचं उन्हातलं आवरण. आत फक्त लाकूड आणि सावली. तोच पर्णसंभार लहान लहान झाडांत वाटला की उन्हाला सामोरी येणारी बाजू वाढते. दाट लागवडीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

या गणिताला पाण्याची मर्यादा मात्र कायम राहते. आंदालुसियातल्या कोरडवाहू जमिनीला हेक्टरी साधारण ८ ते १० हजार घनमीटर पर्णसंभार पोसता येतो, असं तिथले कृषिशास्त्रज्ञ मानतात. १०० झाडं असतील तर प्रत्येकाला १०० घनमीटरपर्यंत वाढता येईल, २०० असतील तर ५०. झाडं दुप्पट केली म्हणून पाऊस दुप्पट होत नाही. जो शेतकरी रोपं वाढवतो पण छाटणी तीच ठेवतो, त्याची झाडं ऑगस्टमध्ये सुरकुतलेली फळं दाखवतात. झाडांची संख्या वाढवल्याने बाग लवकर भरते, पण ती किती भरू शकते हे पाणीच ठरवतं.

यंत्राने आखलेली बाग

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढणीला माणसं मिळेनाशी झाली आणि आखणी बदलली. नव्या बागा ७ मीटर बाय ५ मीटरच्या आसपास लावल्या जाऊ लागल्या, म्हणजे हेक्टरी २८५ झाडं. प्रत्येकाला एकच बुंधा. ट्रॅक्टरला जोडलेला चिमटा बुंधा पकडून काही सेकंद जोराने हलवतो आणि फळं खाली पसरलेल्या जाळीवर किंवा उलट्या छत्रीसारख्या कापडात पडतात. तीन बुंध्यांच्या जुन्या झाडाला हाच चिमटा तीनदा लावावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी खड्ड्यात घातलेल्या जादा खुंट्यांचा खर्च आजचा शेतकरी असा भरतो.

पुढची उडी १९९० च्या दशकात स्पेनच्याच कातालुन्यात पडली. तिथे वाइनच्या द्राक्षांची यंत्राने काढणी रुळली होती. ओळीवर स्वार होऊन चालणारं तेच यंत्र ऑलिव्हला लावायचं, तर झाडाने यंत्राच्या पोटातून जाता येईल एवढंच उंच आणि रुंद राहायला हवं. रोपं ओळीत दीड-दीड मीटरवर आणि दोन ओळींत ४ मीटर अंतर अशी मांडणी झाली. हेक्टरी १,६६६ झाडं. चार-पाच वर्षांत झाडं वेगळी दिसत नाहीत, एकसलग हिरवी भिंत तयार होते. यंत्र ओळीवरून जातं, आतले लवचिक दांडे दोन्ही बाजूंनी फांद्या हलवतात, फळं खालच्या पत्र्यांवर पडून पट्ट्यावरून टाकीत जातात. एक हेक्टर दोन-तीन तासांत रिकामं होतं आणि फळ काही तासांत घाण्यावर पोहोचतं. तेलाच्या प्रतीसाठी ही घाई फार मोलाची आहे, कारण ढिगात पडून राहिलेलं फळ आंबतं आणि तेलाची आम्लता वाढते.

या भिंतीचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणा. ओळींत ४ मीटर, भिंतीची जाडी सुमारे १ मीटर, म्हणजे मधे ३ मीटरची मोकळी गल्ली. भिंत अडीच मीटर उंच ठेवली तर सकाळचं ऊन पूर्वेच्या बाजूने आणि दुपारनंतरचं पश्चिमेच्या बाजूने पायथ्याजवळपर्यंत उतरतं. तीच भिंत ४ मीटर वाढू दिली तर शेजारच्या ओळीची सावली खालच्या अर्ध्या भागावर पडते. पहिल्या वर्षी तिथली फळं लहान होतात, पुढे फूल येणंच थांबतं, मग पानं गळतात, आणि सगळं फळ यंत्राच्या आवाक्याबाहेर वर जाऊन बसतं. म्हणून भिंतीची उंची गल्लीच्या मोकळ्या रुंदीपेक्षा वाढू द्यायची नाही, असा आडाखा आहे. ओळी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात, कारण त्यात दोन्ही बाजूंना सारखं ऊन मिळतं. कोलुमेलाने वाऱ्यासाठी ओळ वळवली, आजचा आखणीकार ती उन्हासाठी वळवतो.

आखणीने निवडलेली चव

या मांडणीत हाएनचा पिकुआल बसत नाही. तो जोमाने वाढतो आणि दोन-तीन वर्षांत भिंत फोडून बाहेर येतो. भिंतीत राहायला आटोपशीर वाढीची आणि लवकर फळणारी झाडं लागतात. कातालुन्याची आर्बेकिना, तिथलीच आर्बोसाना आणि ग्रीसची कोरोनेइकी अशा मोजक्या जाती त्यात टिकल्या. कोर्दोबाच्या विद्यापीठाने आणि आंदालुसियाच्या कृषिसंशोधन संस्थेने पिकुआल आणि आर्बेकिना यांच्या संकरातून सिकितिता ही ठेंगणी जात काढली, ती खास अशा बागांसाठीच.

त्याचा परिणाम थेट बाटलीत उतरतो. पिकुआलचं तेल ठसकेबाज, कडवट आणि खूप टिकणारं असतं. आर्बेकिनाचं तेल गोडसर, मवाळ, पण तुलनेने लवकर उतरतं. यंत्राने उंची ठरवली, उंचीने जात ठरवली आणि जातीने चव. दुकानातल्या फळीवर तेलं एकसारखी होत चालली असतील, तर त्याचं एक कारण दीड मीटरच्या त्या अंतरात आहे.

पारडी

भिंतीची बाग तिसऱ्या-चौथ्या वर्षी विकण्याजोगं फळ देऊ लागते. डोंगरउतारावरच्या जुन्या बागेत एक किलो तेल काढायला जो खर्च येतो, तो सपाटीवरच्या या बागेच्या दुपटीहून जास्त भरतो, असे स्पेनमधले हिशेब आहेत. शेतकऱ्याला हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

दुसऱ्या पारड्यात पाणी आहे. ठिबकाशिवाय भिंतीची बाग उभी राहत नाही. पोर्तुगालच्या आलेंतेझु भागात हजारो हेक्टर अशा बागा झाल्या, त्या ग्वादियाना नदीवरच्या अल्केवा धरणात २००२ पासून पाणी साठू लागल्यामुळे. शिवाय सिंचनाच्या फळात पाण्याचा अंश जास्त असतो, म्हणून टनावारी उत्पादन वाढतं तेवढ्या प्रमाणात तेल वाढत नाही. आणि त्या दाट भिंतींत हिवाळी पाहुणे पक्षी रात्री झोपतात. रात्रीची यंत्रकाढणी त्यांच्या जिवावर उठते हे उघड झाल्यावर आंदालुसियात ती थांबवण्यात आली.

२०२२ च्या दुष्काळाने तर सगळ्याच आखण्यांची परीक्षा घेतली. आदल्या हंगामात सुमारे १५ लाख टन तेल काढणारा स्पेन ६ लाख ६५ हजार टनांच्या आसपास आला. तेलाच्या वाढलेल्या किमतीचा चटका मुंबई-पुण्यातल्या दुकानांपर्यंत पोहोचला.

भारतातही हा प्रयोग झाला आहे. राजस्थानने २००७ मध्ये ऑलिव्हसाठी कंपनी काढली. त्यात राज्याचं कृषी पणन मंडळ, एक इस्रायली कंपनी आणि पुण्याची फिनोलेक्स प्लासन भागीदार होत्या. राजस्थान निवडण्यामागे हिवाळा होता, कारण पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय ऑलिव्हला नीट फूल येत नाही. पाणी मात्र पहिल्या रोपापासून ठिबकानेच द्यावं लागलं.

आज हाएनमधल्या शेतकऱ्यापुढे प्रश्न आहे की आजोबांची झाडं काढून भिंत लावायची की नाही. सपाट जमीन, खात्रीचं पाणी आणि जवळ घाणा असेल तर दाट लागवड त्याला तारून नेईल. उतारावर यंत्र चालत नाही, पाणी चढत नाही, आणि जुनी झाडं काढली तर माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जाते. तिथे जुनी बाग राखून, छाटणीने तिच्या पोटात ऊन घालून आणि दोन ओळींत हिरवळ ठेवून माती धरणं हाच मार्ग आहे. अशा बागेचं तेल सपाटीच्या दराने विकत मागणं अन्यायाचं आहे. त्या दरात माती धरून ठेवण्याची मजुरी मोजलेलीच नसते.

छाटणी चुकली तर दोन वर्षांत सावरता येते, खत चुकलं तर पुढच्या हंगामात. अंतर चुकलं तर ते बाग असेपर्यंत भोगावं लागतं. म्हणून नवी बाग लावणाऱ्याने, मग ती ऑलिव्हची असो की आंब्याची, हेक्टरी किती झाडं हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी पाणी किती आणि ते कोरड्या वर्षीही मिळेल का हे पाहावं. मग उतार, मग उन्हाची दिशा, मग काढणी कोण करणार ते. एवढ्यांची उत्तरं प्रामाणिकपणे दिली की दोन झाडांमधलं अंतर त्यांतूनच ठरतं, आणि ते शेजाऱ्याच्या अंतरापेक्षा वेगळं निघालं तर त्यावर ठाम राहावं.