पर्जन्यमापक गप्प झाला, तर दोष शोधायचा कुठे?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. डोंगरातलं एखादं यंत्र सर्व्हरला एचटीटीपी पोस्ट विनंती पाठवतं आणि ती नीट पोचत नाही, तेव्हा गडबड कुठे झाली हे कसं शोधायचं? उदाहरण म्हणून पर्जन्यमापकच घेऊ, कारण आपण कर्जत-खालापूरची माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ती दुर्घटना यंत्र बिघडल्यामुळे झाली असं मी अजिबात म्हणत नाही. सांगायचं ते एवढंच, की आपल्या भागात रात्रीच्या पावसाचा आकडा ही नुसती नोंद नसते. कुणाला उठवायचं, कुणाला हलवायचं, हे त्यावरून ठरू शकतं.

तर यंत्र करतं काय? आत एक छोटं डोलणारं पात्र असतं. ठरावीक पाणी साचलं, समजा ०.२ मिलिमीटर पावसाइतकं, की ते कलंडतं आणि एक टिप मोजली जाते. दर काही मिनिटांनी यंत्र या टिपांची संख्या मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवतं. पोस्ट विनंती म्हणजे रजिस्टर पत्र समजा. वर पत्ता, मग आत काय आहे आणि किती आहे हे सांगणारे मथळे म्हणजे हेडर, आणि आत मजकूर. सर्व्हर वाचतो आणि तीन आकडी पोचपावती देतो. २०० च्या घरातली म्हणजे ठीक, ४०० च्या घरातली म्हणजे पाठवणाऱ्याचं चुकलं, ५०० च्या घरातली म्हणजे सर्व्हरचं चुकलं.

दोष शोधताना तीन प्रश्न याच क्रमानं विचारायचे. विनंती यंत्रातून निघाली का? सर्व्हरपर्यंत पोचली का? आणि पोचल्यावर तिची नोंद झाली का? लोक काय करतात, सरळ सिमकार्ड बदलतात. आधी दोन्हीकडचे लॉग समोरासमोर ठेवा.

पहिला प्रकार. यंत्र म्हणतंय 'पाठवलं', आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचं नावही नाही. रेंज गेली असेल, हे झालंच. पण यंत्राचं घड्याळही तपासा. वीज गेली, आतली छोटी बॅटरी संपली, की काही यंत्रं १ जानेवारी १९७० या तारखेला जागी होतात. सुरक्षित जोडणी करताना यंत्र सर्व्हरचं प्रमाणपत्र बघतं, आणि १९७० च्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. जोडणी तिथेच तुटते. मग पोस्ट विनंती निघणार कुठून?

दुसरा प्रकार. विनंती पोचते, पण पावती येते ४००, म्हणजे 'तुमचं म्हणणं कळलं नाही'. इथे आपल्या भाषेचा एक गमतीदार सापळा आहे. कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये मजकुराची लांबी लिहायची असते, पण ती बाइटमध्ये, अक्षरांत नाही. 'कर्जत' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. संगणकाच्या लेखी त्यात पाच चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन, असे १५ बाइट. प्रोग्रामनं १५ च्या जागी ५ धरले, तर सर्व्हर मजकूर अर्ध्यावरच तोडतो. उलट लांबी जास्त लिहिली, तर उरलेल्या बाइटची वाट बघत बसतो आणि शेवटी वेळ संपते. केंद्राचं नाव इंग्रजीत होतं तोवर सगळं सुरळीत आणि मराठीत केल्यावर बंद पडलं, तर आधी इथे बघा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण पावती २०० येते. सर्व्हरचा पत्ता साध्या एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर हलवला, आणि जुन्या पत्त्यावर ३०१ म्हणजे 'नवीन पत्त्यावर जा' अशी पाटी लावली. बरेच प्रोग्राम ही पाटी वाचून नव्या पत्त्यावर जातात खरे, पण जाताना पोस्टचं गेट करून टाकतात. मजकूर मागेच राहतो. सर्व्हर आपलं मुखपृष्ठ दाखवून २०० म्हणतो, यंत्र खूश, आणि पाऊस कुठेच नोंदलेला नाही! उपाय म्हणजे यंत्रातच नवा पत्ता भरा. ते जमत नसेल तर ३०८ ची पाटी लावा, तिच्यात पोस्ट पोस्टच राहतं.

आता याच्या उलट बघा. नोंद झाली, पण पावती वाटेत हरवली. यंत्राला वाटलं पोचलं नाही, त्यानं पुन्हा पाठवलं. पडला ४० मिलिमीटर, नोंदला गेला ८०. हवामान खात्याच्या वर्गवारीत एका दिवसाचा 'जोरदार पाऊस' ६४.५ पासून सुरू होतो, म्हणजे चुकीचा इशारा गेला. म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचा आणि एक क्रमांक सर्व्हरनं एकदाच घ्यायचा. शिवाय 'गेल्या दहा मिनिटांत किती टिपा' असं न पाठवता 'बसवल्यापासून एकूण किती' हे पाठवा. मग मधल्या चार विनंत्या हरवल्या तरी पाचवीवरून एकूण पाऊस निघतो.

वेळेचंही तसंच. आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. यंत्र जागतिक वेळ पाठवत असेल आणि सर्व्हर ती भारतीय समजत असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि सकाळचा पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यात जातो.

हे सगळं मे महिन्यात, टेबलावर करून बघा. मोजून पाणी ओता, आणि ओतलेलं पाणी सर्व्हरच्या तक्त्यात तेवढंच दिसतंय का ते पाहा. नेटवर्क मुद्दाम तोडा, घड्याळ मुद्दाम चुकवा. आणि तक्ता बनवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. यंत्राकडून काही आलं नाही, तर त्या रकान्यात शून्य लिहू नका. शून्य म्हणजे पाऊस नाही, रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही. रात्री दोन वाजता तक्ता बघणारा माणूस शून्य पाहून झोपेल. रिकामा रकाना दिसला, तर निदान गावात एक फोन तरी लावेल.