उन्हाळा, शरीर आणि इनामगावची हाडे

घोड नदीकाठच्या इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे आणि दफने सापडली. जैवपुरातत्त्वज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. उत्तर जोर्वे संस्कृतीच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, मुलांची वाढ मंदावल्याचे त्यांना आढळले. शरीराचा आकार अन्न आणि परिस्थितीही ठरवतात, हे त्या हाडांवरून दिसते.

आजही त्याच परिसरात, शिरूर-दौंडच्या उन्हात, शरीर परिस्थितीप्रमाणे बदलते आणि अनेकांना आपलेच शरीर नकोसे वाटते. रंग काळवंडतो, कारण अतिनील किरणांपासून बचावासाठी त्वचा जास्त मेलॅनिन बनवते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून पाय थोडे सुजतात. एक लिटर घाम गेला की वजन सुमारे एक किलोने घटते आणि पाणी प्यायल्यावर परत येते. घटलेले ते वजन पाण्याचे असते, चरबीचे नव्हे.

त्यामुळे वजन घटवण्यासाठी भर दुपारी धावणे, प्लास्टिक गुंडाळून घाम काढणे किंवा पाणी कमी पिणे धोक्याचे आहे. त्यातून उष्माघात होऊ शकतो.

सैल सुती कपडे, ताक, कलिंगड आणि पुरेशी झोप उपयोगी पडते. लग्नसराईत ‘किती काळी पडलीस’, ‘जाड झालास’ असे मुलांना म्हणू नये. एखादा मुलगा किंवा मुलगी जेवण टाळत असेल, जेवून मुद्दाम उलटी करत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मन मोकळे करण्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.