जुन्या कुरणात नवे बी

मृगाच्या आरंभी गावोगाव फिरताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, कुरण उघडं पडलंय, गवताचं बी मिळेल का?" बी मिळते. परंतु बी आणून टाकले म्हणजे कुरण सुधारले, ही समजूत शेतकरी बंधूंच्या नुकसानीची आहे. बी किती खोल पडले आणि पहिल्या वर्षी त्यावर जनावर फिरले की नाही, या दोन गोष्टींवरच बहुतेक सारे अवलंबून असते. प्रस्तुत लेखकास हे पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून कळले.

काही वर्षांपूर्वी अवर्षणप्रवण भागातील एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी आपल्या एक एकर वरकस कुरणाबाबत माझा सल्ला घेतला. घरी दोन बैल, एक गाय व काही शेळ्या. वैशाखात कडबा विकत घेण्यावाचून गत्यंतर नसे. मी अंजन गवताचे बी मिळवून दिले आणि बाजरीसारखे पाभरीने पेरावयास सांगून मोकळा झालो. त्यांनी तसेच केले. पाऊस बरा झाला, परंतु महिना उलटला तरी तासात कोंब दिसेना. श्रावणात मी गेलो, तेव्हा काही न बोलता त्यांनी मला बांधाकडे नेले. पोते उतरविताना तेथे थोडे बी सांडून पायाखाली ओल्या मातीत दबले होते, आणि नेमके तेथेच अंजनाची दाट रोपे उभी होती. "साहेब, पेरलं ते उगवलं नाही आणि सांडलं ते उगवलं, हे कसं?" त्यांनी विचारले. त्या वर्षीही कडबा त्यांना विकतच घ्यावा लागला.

कारण साधे आहे. बाजरीच्या दाण्याच्या मानाने अंजनाच्या तुसातील दाणा फारच हलका. पाभरीच्या फणाने तो चार-पाच सेंटिमीटर खाली गेला, की त्याच्यातील अन्नसाठा कोंब वर येण्यापूर्वीच संपतो. गवताचे बी एका सेंटिमीटरहून अधिक खोल जाता कामा नये.

मात्र बी आणण्यापूर्वी कुरणात आज काय उभे आहे, ते पाहावे. दख्खनच्या पठारावरील मूळचे गवत म्हणजे पवन्या आणि मारवेल. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील गवताच्या आच्छादनावरील ग्रंथात या पट्ट्याला याच दोन गवतांच्या शास्त्रीय नावांवरून नाव दिले आहे. चराई वाढली की ही गोड गवते प्रथम खुरटतात, त्यांच्या जागी कुसळी येते, आणि त्यानंतर केवळ पावसाळ्यापुरती उगवणारी हलकी गवते उरतात. पवन्या-मारवेलचे ठोंब अजून पावलापावलावर आढळत असतील, तर बियाण्यावर पैसा खर्च करण्याचे कारण नाही. कुरण दोन पावसाळे बंद ठेवावे, ते आपले आपण भरून येते. ठोंब विरळ असतील व मधली जमीन उघडी असेल, तरच बी टाकावे.

कुसळीचा बंदोबस्त आधी करावा. तिची टोकदार बीजे शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात व कातडीत रुततात, हे पशुपालकांस सांगावयास नको. फुलोरा येताच, कुसळ टणक होण्यापूर्वी ती कापून घ्यावी. त्या अवस्थेत जनावरे ती खातातही. फाल्गुनात कुरण पेटवून देण्याची चाल मात्र सोडलीच पाहिजे. आगीने चांगले गवत जोमाने फुटते असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः आगीस उत्तम तोंड देते ती कुसळीच.

अंजनाचे बी मागील वर्षीचे घ्यावे. ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते व उगवत नाही. तरीही शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात ठेवाव्यात आणि दोन आठवड्यांत किती उगवतात ते पाहावे. एकरी दोन ते अडीच किलो बी पुरते. ते तुसामुळे हातात नीट येत नाही, म्हणून ओलसर माती व शेणखतात कालवून घ्यावे. सबंध कुरण नांगरू नये. उतारावरील माती वाहून जाईल. उताराला आडव्या, दीड-दोन फुटांवर कुळवाने किंवा कुदळीने उथळ रेघा ओढाव्यात, त्यांत बी टाकावे, आणि वरून बाभळीची फांदी फिरवावी. तेवढी माती पुरे. मारवेलचे बी न मिळाल्यास पावसात मुळासकट ठोंब लावावेत. ते सहज जगतात. सोबत स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी मिसळल्यास चाऱ्याचा कस वाढतो व जमिनीस नत्र मिळते; पण त्याचे कवच कठीण असल्याने ते आधी जाड वाळूत चोळावे.

शहरात हिरवळीसाठी राय, फेस्क्यू अशा गवतांच्या बियांची पाकिटे विकली जातात, आणि ती कुरणात चालतील का, असे काही तरुण शेतकरी विचारतात. ही थंड हवेची गवते होत. १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात ती उत्तम वाढतात. काश्मीर-हिमाचलात ती शोभतात. आपल्या वैशाखात ती टिकावयाची नाहीत.

आता पहिल्या वर्षाविषयी. येथेच बहुतेक कुरणे हातची जातात. श्रावणात कुरण हिरवे दिसू लागले, की गुरे सोडण्याचा मोह अनावर होतो. घरात दुसरा चारा नसेल तर त्यास दोषही देता येत नाही. परंतु कोवळ्या रोपाची मुळे त्या वेळी इतकी वरवर असतात, की जनावराच्या एका हिसक्यासरशी रोप उपटून येते. म्हणून सर्व कुरण एकाच वर्षी हाती घेऊ नये. एक-तृतीयांश भागास काटेरी कुंपण घालावे व उरलेल्या भागात गुरे चारावीत. बी पिकून थोडे गळाल्यावर, जमिनीपासून चार बोटे राखून विळ्याने कापणी करावी. दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्यातच कापावे, कारण पुढे गवत वाळत जाते तसा त्याचा कस उतरतो.

त्या वृद्ध शेतकऱ्यांनी पुढल्या मृगात अशाच रेघा ओढून, हाताने बी टाकले आणि शेळ्यांना वर्षभर कुंपणाबाहेर ठेवले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या परड्यात वाळल्या गवताची गंज उभी राहिली. कापणीच्या वेळी बांधालगतची एक पट्टी ते आता बियांसाठी राखतात. शेजारी बी मागावयास आले, की किती खोल पेरावयाचे, ते बोटाच्या नखावर दाखवितात.