टीव्हीला जोडायच्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीम

टीव्हीला जोडलेल्या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालावी, हे त्यावर काय पाहायचे यावर ठरते. हार्ड डिस्कवर साठवलेले चित्रपट, गाणी आणि घरचे व्हिडिओ एवढेच पाहायचे असतील तर लिब्रेएलेक पुरेशी आहे. लिनक्सवर बेतलेली ही मोफत प्रणाली सुरू होताच थेट कोडी या मीडिया प्लेअरचा पडदा दाखवते. डेस्कटॉप नाही, ब्राउझरही नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही ती चालते. पाय एचडीएमआय केबलमधून येणारे टीव्हीचे सीईसी संकेत वाचतो, त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालवता येते. साध्या पीसीत ही सोय बहुधा नसते. तिथे वेगळा रिमोट किंवा सोफ्यावर कीबोर्ड आलाच.

खरी अडचण नेटफ्लिक्ससारख्या सेवांची. चित्राची चोरी रोखणारे कुलूप या सेवा लावतात आणि लिनक्सच्या ब्राउझरमध्ये ते कमी दर्जाचे धरले जाते. परिणामी 4के वर्गणी भरूनही चित्र त्याहून खालच्या दर्जाचे मिळते. यात यंत्राचा दोष नसतो. अशा घरी विंडोज बरी, मात्र 4केसाठी संगणक आणि टीव्हीही त्या तोडीचे हवेत. विंडोजमधले मीडिया सेंटर 2015 साली विंडोज 10 बरोबर गेले. आता कोडी वेगळे घ्यावे लागते. शिवाय ऐन चित्रपटात अपडेटची सूचना टपकते, ती सेटिंगमध्ये जाऊन आवरावी लागते.

जुन्या पीसीवर साठवलेले चित्रपट आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा असे दोन्ही हवे असेल तर लिनक्स मिंट घालून त्यात कोडी आणि ब्राउझर ठेवता येतो. देखभाल मात्र घरातल्या कुणाला तरी जमायला हवी.