पहिलं गिटार पेडल बनवलं, पण आवाजच येत नाही? बिघाड असा शोधा

व्हिडिओमध्ये सगळ्यांचं पेडल पहिल्याच फटक्यात वाजतं. माझं वाजलं नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला आठ दिवस राहिले होते. "पेडल भाड्याने आणू नका, मी बनवतो," असं बँडमधल्या सगळ्यांना सांगून बसलो होतो. दोन रात्री सोल्डरिंग केलं, स्विच दाबला, आणि आवाज मोठा व्हायच्या ऐवजी बारीक आणि चिरका झाला. घाबरून मी दिसेल तो जॉइंट पुन्हा गरम केला, एक कपॅसिटर उपटून नवीन लावला. तासाभराने तो बारीक आवाजही गेला. एक बिघाड होता, त्याचे मी दोन केले!

म्हणून आजचा मुद्दा एकच: आधी बिघाड कुठे आहे ते शोधा, मग सोल्डरिंग आयर्न गरम करा. त्यासाठी लागतो एक साधा मल्टिमीटर आणि तुमच्या खिशातला फोन.

कोणतं सर्किट?

मी बनवलं ते बूस्टर पेडल, म्हणजे गिटारचा सिग्नल मोठा करणारं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं एलपीबी-१ हे १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेलं पेडल बऱ्याच जणांचं पहिलं सर्किट असतं, कारण त्यात ट्रान्झिस्टर एकच आहे. माझ्या बोर्डवर असं होतं:

- बेसवर दोन रेझिस्टर: ९ व्होल्टकडून ४७० किलोओहम, ग्राउंडकडे ४७ किलोओहम
- कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला ३९० ओहम
- इनपुटला आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर (अंगावर १०४ लिहिलेला)
- शेवटी १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट

सिग्नलचा रस्ता सरळ आहे: इनपुट जॅक, कपॅसिटर, बेस, कलेक्टर, कपॅसिटर, पॉट, आउटपुट जॅक. या रस्त्यावर आवाज नेमका कुठे हरवतो, एवढंच आपल्याला शोधायचंय.

पायरी १: पेडल बाजूला ठेवा

गिटार थेट अँपला लावा. वाजतंय? मग केबल आणि अँप ठीक आहेत. दोन्ही केबल अशाच तपासा. हसू नका, खूपदा दोष केबलचाच निघतो.

आता पेडल मध्ये लावा आणि बायपास मोडवर ठेवा, म्हणजे इफेक्ट बंद. बायपासमध्येही आवाज नसेल तर सर्किटला हात लावू नका. दोष जॅक, फूटस्विच किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये आहे. नऊ पायांचा फूटस्विच जास्त वेळ गरम केला तर आतलं प्लास्टिक वितळतं, हेही लक्षात ठेवा. बायपासमध्ये आवाज येतो पण इफेक्ट चालू केल्यावर जातो, असं असेल तर पुढे चला.

पायरी २: करंट पोचतोय का?

इथे दोन गोष्टी नवशिक्यांना हमखास फसवतात.

पहिली, इनपुट जॅक. बहुतेक पेडलमध्ये तो मुद्दाम स्टिरिओ लावतात. गिटारची मोनो पिन आत गेली की बॅटरीचा निगेटिव्ह ग्राउंडला जोडला जातो. म्हणजे पिन न लावता मीटर धरलात तर पेडल मेलेलंच दिसणार.

दुसरी, अडॅप्टर. गिटार पेडलला साधारणपणे मधली पिन निगेटिव्ह असलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घरात पडलेल्या बऱ्याच अडॅप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते. उलटा लावला तर भाग जळू शकतात. तपासणी चालू असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरीच वापरा.

पायरी ३: फोनचा कॅमेरा

फ्लॅश चालू करून बोर्डच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो काढा आणि झूम करा. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी फोटोत दिसतात. चांगला जॉइंट चकचकीत आणि पायाभोवती उतरता असतो. मळकट, गोळ्यासारखा बसलेला जॉइंट संशयित. शेजारच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये सोल्डरचा बारीक धागा गेलाय का, तेही बघा. रेझिस्टरचे रंगही इथेच तपासा: ३९० ओहम म्हणजे नारिंगी-पांढरा-तपकिरी. शेवटचा पट्टा पिवळा असेल तर तो ३९० किलोओहम, म्हणजे हजारपट!

पायरी ४: व्होल्टेज लिहून काढा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब ट्रान्झिस्टरच्या एकेका पायाला. दोन पायांना एकदम टेकवू नका. साधारण एवढं यायला हवं:

- बेस: ०.७ ते ०.८ व्होल्ट
- एमिटर: ०.१ ते ०.२५ व्होल्ट
- कलेक्टर: ४ ते ६ व्होल्ट

कलेक्टर ९ च्या जवळ असेल तर ट्रान्झिस्टर नीट चालूच झालेला नाही. बेसला व्होल्टेज मिळत नाही, एमिटरचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला नाही किंवा चुकीचा आहे, किंवा ट्रान्झिस्टर उलटा बसलाय. कलेक्टर अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी असेल तर १० किलोओहमचा रेझिस्टर, बेसचा ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि सोल्डरचे धागे तपासा.

माझ्या कलेक्टरच्या जागी ८ च्या वर व्होल्टेज आलं. आणि मग ट्यूब पेटली. आराखड्यात २एन५०८८ ट्रान्झिस्टर होता. दुकानात तो नव्हता म्हणून मी बीसी५४७ आणला. चालतो तोही, पण पायांचा क्रम वेगळा! सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन५०८८ चे बरोबर उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. मी आराखड्यातल्या चित्राप्रमाणे बसवला, म्हणजे चित्र बरोबर, ट्रान्झिस्टर उलटा. काढून फिरवून लावला, आणि कलेक्टरवर ५ व्होल्ट आले.

पण आवाज? अजूनही शून्य.

पायरी ५: ऑडिओ प्रोब

व्होल्टेज बरोबर, तरी आवाज नाही, अशा वेळी सिग्नल कानाने शोधावा लागतो. जुनी गिटार केबल घ्या. एक टोक अँपमध्ये. दुसऱ्या टोकाची पिन कापून आतल्या वायरला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. त्याचा मोकळा पाय ही तुमची प्रोब. बाहेरची जाळी सर्किटच्या ग्राउंडला क्लिप करा. कपॅसिटर डीसी अडवतो आणि फक्त आवाज पुढे सोडतो.

इनपुटला फोनवरून गाणं सोडा, आवाज अगदी कमी ठेवून. त्यासाठी जुनी ऑक्स केबल कापून एका चॅनलची वायर आणि ग्राउंड मोनो पिनला जोडा, उरलेल्या चॅनलला टेप लावा. स्टिरिओ पिन थेट लावू नका, नाहीतर पायरी २ मधल्या कारणामुळे पेडल चालूच होणार नाही.

आता अँपचा आवाज बारीक ठेवून प्रोब एकेका ठिकाणी टेकवा. माझ्याकडे बेसवर गाणं हळू ऐकू आलं. कलेक्टरवर मोठ्याने. आउटपुट कपॅसिटरच्या अलीकडच्या पायावर मोठ्याने, पलीकडच्या पायावरही आलं. पॉटवर शांतता. म्हणजे कपॅसिटर आणि पॉट यांच्यामध्येच काहीतरी तुटलं होतं. नीट बघितलं तर तिथली तांब्याची पट्टी बोर्डवरून सुटून फाटली होती. हा तोच कपॅसिटर, जो मी घाबरून विनाकारण बदलला होता. वायरचा एक इंचभर तुकडा जोडला आणि पेडल गरजलं.

मीटरने व्होल्टेज मोजून हा दोष दिसणं शक्यच नव्हतं, कारण डीसी त्या कपॅसिटरच्या पुढे जातच नाही. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात.

एक सावधगिरी: ही प्रोब फक्त बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटसाठी. अँप उघडून आत ती टेकवू नका. तिथे जीवघेणं व्होल्टेज असू शकतं.

आवाज येतो, पण चुकीचा?

- सतत घूं घूं: ग्राउंडची वायर सुटलेली किंवा खराब अडॅप्टर. बॅटरी लावून फरक बघा.
- हलवल्यावर खरखर: सैल जॉइंट किंवा जॅक. लाकडी काडीने एकेक भाग हळूच दाबून बघा.
- व्हॉल्यूम उलटा चालतो: पॉटच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल झालीये.

पेडल चालू झाल्यावर आणखी एक काम करा. तिन्ही पायांची व्होल्टेज आणि बोर्डचा फोटो फोनमध्ये जपून ठेवा. पुढे कधी ते बंद पडलं तर ताडून बघायला बरोबर आकडे हाताशी असतील.

आमचं पेडल गॅदरिंगला वाजलं. आत तो वायरचा तुकडा अजून तसाच आहे, मी तो मुद्दाम ठेवलाय. पुढच्या वेळी घाईने आयर्न उचलायच्या आधी तो आठवतो.