नेकारकाठचं विद्यापीठ आणि आळंदीची मुलं

हायडेलबर्ग, ऑक्टोबर

हिवाळी सत्राची व्याख्यानं या महिन्याच्या मध्यावर सुरू झाली आणि नेकार नदीकाठचं हे गाव पुन्हा विद्यार्थ्यांचं झालं. खोली मिळवण्यासाठीची वणवण, पुलावरून जाणाऱ्या सायकली, विद्यापीठाच्या खानावळीपुढच्या रांगा. आळंदीकराला हे काही अनोळखी नाही. आमच्याही गावात एकीकडे देहू फाट्याच्या बाजूची अभियांत्रिकीची मुलं, तर दुसरीकडे पहाटे उठून ज्ञानेश्वरीचं पाठांतर करणारी, मृदंगाचे बोल घोकणारी वारकरी शिक्षणातली मुलं. दोन्हींसाठी घरोघरी खोल्या भाड्याने दिलेल्या असतात.

यंदा इथे नव्याने आलेल्यांमध्ये भोसरी, मोशी, चाकण, आळंदी या पट्ट्यातली मुलं भेटतात. त्याचं नवल वाटायला नको. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला आली. वडील किंवा काका अशा कारखान्यात किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या शॉपमध्ये. मग मुलगा जर्मन भाषेच्या क्लासला जातो आणि पुढची वाट आपोआप सापडते. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि महाराष्ट्र ही 2015 पासून भागीदार राज्यं आहेत. 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचाही करार झाला. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आपला देश पहिला.

पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, तो आधी उरकतो. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी शुल्क नाही, पण याच राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला 2017 पासून सत्राला 1500 युरो भरावे लागतात. राहण्याखाण्याची सोय आहे हे दाखवण्यासाठी खास गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो आधी ठेवायचे. त्यातून महिन्याला 992 काढता येतात. नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या पदव्यांची पडताळणी करून घेण्याचं 'एपीएस' प्रमाणपत्रही लागतं. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. त्याने घरखर्चाला हातभार लागतो, पण सगळा हिशेब त्याच भरवशावर मांडून येऊ नये. भाषा कच्ची असेल तर काम मिळायलाच सत्र उलटतं.

खरी अडचण पैशांपलीकडची आहे. आपल्याकडून आलेल्या मुलाला पहिले दोन महिने वाटतं, इथे कुणाचं लक्षच नाही. बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेत नाहीत. घटक चाचणी नाही, 'सबमिशन'ची वही नाही, गैरहजर राहिलं तर घरी फोन नाही. तास वेळापत्रकातल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो आणि संपला की मुलं टाळ्या वाजवण्याऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. गुणांची पद्धतही उलटी: 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे जेमतेम पास. '1.3 मिळाले' असं कळवल्यावर मोशीच्या घरी रडारड झाल्याचं मी फोनवर ऐकलं आहे. आणि सत्राच्या शेवटी परीक्षा. एका विषयात दोनदा, फार तर तीनदा बसता येतं. शेवटची संधी गेली की तो अभ्यासक्रम तर सुटतोच, शिवाय जर्मनीतल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. एटीकेटीच्या सवयीने निर्धास्त राहिलेल्या मुलांना हा नियम फार उशिरा कळतो, म्हणून तो इथे ठळक सांगतो आहे. शिक्षकाच्या भेटीची वेळ ठरलेली असते, त्या वेळात दार उघडं असतं आणि प्रश्न घेऊन गेलेल्या मुलाला ते मनापासून वेळ देतात. पण दार आपण ठोठावायचं.

दुसरी एक गोष्ट आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. 'युनिव्हर्सिटी' हे नाव पाहूनच मुलं अर्ज करतात. इथे उपयोजित विज्ञानांची महाविद्यालयं हा वेगळा, मानाचा प्रकार आहे. तिथे प्राध्यापक व्हायचं तर विद्यापीठाबाहेर प्रत्यक्ष व्यवसायात काही वर्षं काढलेली असावी लागतात आणि विद्यार्थ्याला अख्खं सत्र कारखान्यात घालवावं लागतं. त्याच्याही पुढे या राज्यातलं दुहेरी शिक्षणाचं महाविद्यालय: तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, आणि तिन्ही वर्षं कंपनीकडून पगार. त्यासाठी जर्मन मात्र पक्कं हवं. चाकणच्या शॉप फ्लोअरवर ज्याचे हात तयार झाले आहेत, त्या मुलाला माझ्या मते हाच रस्ता जास्त मानवेल. विद्यापीठातला सिद्धान्तांचा डोंगर सगळ्यांनी चढायलाच हवा असं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो.

हायडेलबर्ग विद्यापीठ 1386 चं. आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. वैद्यक आणि भौतिकशास्त्रासाठी त्याचं नाव जगभर आहे. पण या विद्यापीठात 1962 पासून दक्षिण आशिया संस्थाही आहे. पूर्वी ती नव्या आवारात होती, 2019 मध्ये जुन्या रुग्णालयाच्या परिसरात आशियाई अभ्यासांचं एकत्रित केंद्र उभं राहिलं तेव्हा ती तिकडे गेली. त्या केंद्राचं ग्रंथालय बरंचसं जमिनीखाली आहे. मराठी पुस्तकांच्या कपाटाशी मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा तिथून हलवेना.

याच संस्थेत ग्युंथर-डीट्झ सोन्थायमर शिकवत. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा हे त्यांचे विषय. पुणे, सातारा, सांगली भागातल्या धनगरांच्या वाड्यांवर ते वर्षानुवर्षं जात राहिले, त्यांच्याबरोबर बसले, ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्यांचा मोठा ग्रंथ जर्मनमध्ये 1976 ला आला, इंग्रजीत 1989 ला. म्युनिकचे छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. 1992 मध्ये सोन्थायमर गेले. पण काम थांबलं नाही. ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने सोन्थायमरांनी जमवलेल्या बिरोबा आणि धुळोबाच्या दोन दीर्घ ओवीकथा इंग्रजीत आणल्या, ते पुस्तक 2014 मध्ये निघालं. माणूस गेल्यावर बावीस वर्षांनी! टेप जपल्या, उतरवून घेतल्या, समजून घेतल्या, म्हणून हे घडलं. ज्या आवाजांना आपल्याकडे कुणी वर्गात जागा दिली नव्हती, त्यांच्यासाठी इतका धीर कुणीतरी धरला, याने मी आजही भारावतो.

आळंदीशी याहून जवळचं नातं आहे काटारीना कीनले यांच्या कामाचं. ज्ञानदेवांच्या नावावरच्या गाथेतल्या अभंगांवर त्यांनी हस्तलिखितं ताडून केलेला अभ्यास 1997 मध्ये श्टुटगार्टहून ग्रंथरूपाने आला. कुठला अभंग जुना, कुठल्यात नाथपंथी योगाचा स्वर आहे, कुठे नंतरच्या वैष्णव मंडळींचा हात दिसतो, हे त्या ओळीओळीने तपासतात. आपले काही वारकरी या चिकित्सेने दुखावतील. मला त्यात श्रद्धेचा अवमान कुठेच दिसला नाही. इतकं बारकाईने वाचायला माणसाला मजकुराविषयी अपार आस्था लागते.

ही वाट एकतर्फी नव्हती. भांडारकर संस्थेला आयुष्य वाहिलेले रा. ना. दांडेकर यांनी 1938 मध्ये डॉक्टरेट मिळवली ती याच हायडेलबर्गमधून. इरावती कर्वे बर्लिनला शिकल्या. कवट्यांच्या मापांवरून वंशांची उच्चनीचता सिद्ध करू पाहणाऱ्या आपल्या मार्गदर्शकांना न रुचणारा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात निर्भीडपणे मांडला. आणि त्याच इरावतीबाई पुढे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्या चालण्यावर त्यांनी जे लिहिलं, ते वाचून इथले अभ्यासक आजही वारीकडे वळतात.

हे सगळं का जमतं? जर्मनीत 'लहान विषय' अशी रीतसर वर्गवारी आहे. मोजक्याच प्राध्यापकांवर चालणाऱ्या विषयांची नोंद ठेवणारं कार्यालय माइन्झ विद्यापीठात आहे. पाच-सहा विद्यार्थी बसले तरी तास होतो, कारण तो तास चालवणं ही राज्याची जबाबदारी मानली आहे. चित्र सगळंच उजळ नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतविद्येच्या काही जागा बंद झाल्या, प्राध्यापक निवृत्त झाले की नवा माणूस येईलच असं नाही. तरीही 'विद्यार्थी किती?' हा इथे पहिला प्रश्न नसतो, आणि विद्यापीठाची उंची मी याच गोष्टीवरून मोजतो.

आळंदीतही असा धीर होता. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा मुलं माधुकरी मागून शिकत. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी नाही, शेवटी नोकरीची हमीही नाही. त्या उभारणीत बंकटस्वामींच्या बरोबरीने सोनोपंत दांडेकर होते, जे पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि ज्यांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत घराघरांत वाचली जाते. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि फडावरचा कीर्तनकार एकाच देहात नांदत होता. आज आळंदीतल्या वारकरी संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालय एकाच गावात आहेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. हे मला खटकतं, आणि ते बदलता येईल असं मनापासून वाटतं.

हायडेलबर्गच्या ग्रंथालयाचं वैभव म्हणजे 'कोडेक्स मानेसे', चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली जर्मन प्रेमकवितांची सचित्र पोथी, 1290 च्या ज्ञानेश्वरीनंतर काही दशकांतली. 2023 मध्ये युनेस्कोने तिची जागतिक स्मृतींच्या यादीत नोंद केली. तिचं पान न् पान घरबसल्या, फुकट पाहता येतं. आळंदीत तशी राजेशाही पोथी नसेल. पण जुन्या कीर्तनकारांच्या चिंतनाच्या वह्या आहेत, शिष्यांच्या घरी कॅसेटी आहेत, आणि कॅसेटींवरचे ते आवाज फार काळ थांबणार नाहीत. टेपवरचा चुंबकीय थर सुटू लागला की गेलेला आवाज कुठल्याही यंत्राने परत येत नाही. कॅसेट संगणकावर उतरवणं, वहीची नीट प्रतिमा घेणं हे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला जमणारं काम आहे. कीर्तन कुणाचं, अभंग कोणता, साल कोणतं हे सांगायला शेजारचा वारकरी विद्यार्थी हवा. कार्तिकीला फडकरी, दिंडीकरी, जुने माळकरी सगळे आळंदीत असतात. कुणाच्या घरी काय आहे, एवढी यादी जरी या यात्रेत झाली, तर ती माझ्याकडे पाठवा. उतरवण्याची इथली पद्धत आणि त्यासाठी लागणाऱ्या साध्या यंत्रांची माहिती मी पुढच्या पत्रात देतो.